घाटाखालचा बंदा रुपया

वैभववाडीला येणारा माणूस बहुधा वैभववाडीला आलेला नसतो. तो कोल्हापूरहून गगनबावड्याला येतो, कारूळ घाटाची वळणे उतरतो, इथे उतरून चहा घेतो आणि तळेऱ्याच्या बाजूने देवगडला, मालवणला, नाही तर सरळ गोव्याला निघून जातो. आगगाडीने यावे तरी तीच तऱ्हा. स्टेशनचे नावच मुळी ‘वैभववाडी रोड’; म्हणजे कोकण रेल्वेनेसुद्धा गावापेक्षा रस्त्यालाच अधिक मान दिलेला! पाटीवर वाभवे-वैभववाडी असे जोडनाव वाचायला मिळते, पूर्वेला सह्याद्रीची उभी भिंत दिसते, ढग नसले तर गगनगडही दिसतो, आणि प्रवासी घड्याळाकडे पाहून पुढची गाडी पकडतो.

पण थोडे थांबावे. नाधवड्याला महादेवाच्या देवळाशेजारी जमिनीतून पाणी उसळते. त्याला तिकडे ‘उमाळा’ म्हणतात. हेच पाणी पुढे नापण्याच्या धबधब्यात कोसळते आणि म्हणूनच तो धबधबा वैशाखातदेखील आटत नाही. कोकणात पावसाळी धबधब्यांना तोटा नाही, बारमाही मात्र विरळा. या तालुक्याला पाणी असे पायाखालून मिळाले. चांदी मात्र इथल्या जमिनीने कुणाला कधी दिली नाही. तांबड्या मातीत जांभा आहे, लोखंडाचा अंश आहे. चांदीचा कणही नाही. इथल्या एखाद्या घरात चांदीचा जुना रुपया असलाच, तर तो दोनच वाटांनी आलेला असणार, एक तर खाडीतून गलबताने, नाही तर मुंबईहून मनिऑर्डरीने. या दोन वाटांची, आणि त्या वाटांनी येऊन इथेच मुक्काम ठोकलेल्या रुपयाची ही हकिकत आहे.

पहिली वाट जुनी. वैभववाडीहून तळेऱ्याला येऊन मुंबईच्या दिशेने वळले की खारेपाटण लागते. आज ते हमरस्त्यावरचे एक गाव. पण वाघोटणची खाडी इथपर्यंत आत येते आणि तिचे तोंड थेट विजयदुर्गाला. समुद्रातला माल होडीने खारेपाटणपर्यंत आणि तिथून बैलांच्या पाठीवर घाटमाथ्यापर्यंत, असा हा पूर्वीचा राजमार्ग होता. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याचे शके ९३० चे, म्हणजे इसवी सन १००८ चे, ताम्रपट याच गावी मिळाले. ते वाचून प्रसिद्ध करणारे पहिले पंडित म्हणजे ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर, आणि त्यांचे पोंभुर्ले गावही इथून फार दूर नाही. त्या ताम्रपटात देवस्थानाला दिलेल्या उत्पन्नाची यादी आहे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण वसूल करावा, असे राजाने त्यात नमूद केले आहे. हजार वर्षांपूर्वी या खाडीत परदेशी जहाजे इतकी येत होती की त्यांच्यावर नेमणूक बांधून द्यावी!

याच किनाऱ्यावर पुढे चांदीचे एक मोठे चमत्कारिक नाणे चालले. त्याचे नाव लारी. इराणच्या आखाताजवळच्या लार शहरावरून हे नाव पडले. लारी गोल नव्हे, चपटी नव्हे. चांदीची वीतभरापेक्षा कमी लांबीची तार घ्यायची, मधोमध दुमडायची आणि दोन्ही अंगांनी तिच्यावर ठसा मारायचा, की झाली लारी. बायकांच्या केसातल्या आकड्याचीच आठवण व्हावी. वजन साधारण पाच ग्रॅमच्या आतबाहेर. विजापूरच्या अली आदिलशहाने सतराव्या शतकात आपल्या नावाच्या लाऱ्या पाडल्या, आणि जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात त्यांचे साठे सापडले आहेत. ठसा वाचता आला नाही तरी तार तोलता येत होती, आणि व्यापाऱ्याला तेवढे पुरे होते. मालदीव बेटांत रुफियाचा शंभरावा भाग आजही ‘लारी’ याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडून मात्र ती गेली. आणि तिची जागा घेणाऱ्या रुपयाने आपल्या भाषेतच घर केले.

तो रुपया पाहण्याचा योग मला वैभववाडीजवळच्या एका वाडीत आला, २०२५ च्या दिवाळीच्या दिवसांत. जांभ्या दगडाचे घर, पुढे खळे, मागे काजूची झाडे. घरात पंचाऐंशी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा (त्यांना घरीदारी सगळे ‘भाऊ’ म्हणतात), सून आणि परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेली नात. लक्ष्मीपूजनासाठी देवघरातून पितळेचा डबा निघाला आणि पाटावर रुपये मांडले गेले. मोजून एकवीस. नऊ राणीछाप, तीन सातव्या एडवर्डचे, नऊ पंचम जॉर्जचे. चार रुपयांना माळेत ओवण्यासाठी पूर्वी कुणी कड्या लावलेल्या.

एकवीस रुपये म्हणजे एका दृष्टीने एक छोटासा इतिहासच. १८३५ पूर्वी आपल्याकडे रुपया एक नव्हता. चांदवडी वेगळा, अंकुशी वेगळा, सुरती वेगळा; एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत नेला की सराफ तो पारखून बट्टा कापून घेई. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार त्याच पेढीवरचा. १८३५ साली कंपनी सरकारने कायदा करून सगळीकडे एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबे. हे वजन बरोबर एक तोळा! त्यामुळे रुपया हे नाणेही झाले आणि वजनही झाले. वैद्य औषध ‘रुपयाभार’ तोलू लागले आणि ऐंशी रुपयांचा शेर झाला. यंत्रावर पाडलेला म्हणून तो ‘कलदार’. मोड न केलेला, अखंड, म्हणून ‘बंदा’. टकसाळे, पोतदार, पारखी ही आडनावेही नाण्यांच्याच व्यवहारातून आली. मराठी माणूस बोलताना नकळत किती वेळा टांकसाळीत जाऊन येतो ते पाहण्यासारखे आहे.

छापाची गंमत निराळीच. १८४० च्या रुपयावरची व्हिक्टोरिया तरुण आहे, डोक्यावर मुकुट नाही आणि पाठीमागे कंपनीचे नाव. १८५७ च्या धामधुमीनंतर कंपनी गेली आणि १८६२ पासून मुकुट घातलेली, वेलबुट्टीची चोळी ल्यालेली राणी आली. १८७७ च्या दिल्ली दरबाराच्या सालापासून तिच्या नावापुढचे ‘क्वीन’ जाऊन ‘एम्प्रेस’ झाले. आजींच्या डब्यात दोन्ही होत्या. आणखी एक मौज म्हणजे १८६२ साल घातलेला रुपया १८६२ मध्येच पडलेला असेल असे नाही. १८७४ पर्यंत टांकसाळी तेच साल छापीत राहिल्या. मुंबईच्या टांकसाळीने मात्र मागच्या बाजूस बारीक ठिपके वाढवून वर्षाची खूण ठेवली. संग्राहक भिंगातून हे ठिपके मोजतात आणि त्यावरून किंमत ठरवतात.

राणीनंतर एडवर्ड आला, तो बोडक्या डोक्याचा. मुकुट गेला नाण्याच्या पाठीवर. मग १९११ चा पंचम जॉर्ज. त्याच्या झग्यावरच्या साखळीत एक हत्ती कोरलेला होता, पण त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना ते डुकरच वाटले. मुसलमान प्रजेत कुरबुर झाली, सरकारने नाणी परत बोलावली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट दिसेल असा ठसा केला. आज १९११ चा रुपया दिसला की संग्राहकाचे डोळे चमकतात ते या हत्तीपायी. आणि या सगळ्या छापांत मराठीचे एक अक्षर नाही. इंग्रजी आहे, काहींवर फारसी लिपीतले ‘यक रुपया’ आहे. आपल्या आज्या-पणज्यांना ते वाचता येत नव्हते. त्यांनी रुपया ओळखला तो चेहऱ्याने आणि आवाजाने. दगडावर टाकला की जो खणखणीत वाजेल तो खरा.

यातले बहुतेक रुपये मुंबईच्या कोटातल्या, १८२० च्या दशकात बांधलेल्या टांकसाळीतले असणार. १८९३ पर्यंत या टांकसाळीचा दरवाजा कुणालाही उघडा होता. व्यापाऱ्याने चांदीची लगड आणावी, थोडी घडणावळ द्यावी आणि रुपये मोजून घ्यावेत. रुपया म्हणजे शिक्का मारलेली चांदी, दुसरे काही नाही. पण १८७० नंतर जर्मनीने सोन्याचे चलन धरले, अमेरिकेत नेवाडाच्या खाणींतून चांदीचा पूर आला आणि जगात चांदी उतरली. पूर्वी दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९२ च्या सुमारास पंधरा पेन्सांवर घसरला. तेव्हा २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळ खासगी चांदीला बंद केली. त्या दिवसापासून रुपयातली चांदी आणि रुपयाची किंमत यांची फारकत झाली. चांदी कमी मोलाची, छाप अधिक मोलाचा.

आता दुसरी वाट. आजींचे सासरे मुंबईला गिरणीत होते. या भागातली कितीतरी घरे तशीच चालली. विजयदुर्गाला आगबोट लागे. पावसाळ्यात ती बंद. पुरुष गिरणगावात गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकून राहत आणि बायका इथे भातशेती ओढीत. दोघांमधला दुवा म्हणजे पोस्टमन. सरकारी टपालाने मनिऑर्डर सुरू केली ती १ जानेवारी १८८० रोजी, आणि कोकणाला तिच्याइतका उपयोग क्वचितच दुसऱ्या कुणाला झाला असेल. पोस्टमन खळ्यात बसून रुपये मोजून देई, अंगठा घेई, पत्राचा तुकडा वाचून दाखवी. त्यातला बराच भाग सावकाराला, वाण्याला आणि सारा भरण्याला जाई. एखादा रुपया मात्र डब्यात पडे.

पहिल्या महायुद्धात तोही मिळेना. चांदी महागली, रुपये वितळू लागले, आणि सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट काढली. लोकांचा विश्वास बसावा म्हणून तिच्यावर चक्क चांदीच्या रुपयाचे चित्र छापले! चित्राने भूक कशी भागणार? लोक नोटा घेऊन रुपये मागायला आले आणि १९१८ च्या उन्हाळ्यात सरकारी तिजोरीतली रुपयांची शिल्लक धोक्याच्या पातळीला गेली. तेव्हा धावून आली अमेरिका. एप्रिल १९१८ मध्ये तिथल्या काँग्रेसने पिटमन कायदा केला. सत्तावीस कोटींच्या वर चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि त्यातली बहुतेक सगळी चांदी ब्रिटनने हिंदुस्थानासाठी विकत घेतली. आजींच्या डब्यात १९१८ आणि १९१९ चे मिळून पाच रुपये होते. नेवाडाच्या डोंगरात निघालेली चांदी, तिचा डॉलर, डॉलरचा मुंबईत रुपया, रुपयाची मनिऑर्डर आणि कारूळ घाटाच्या पायथ्याशी पितळी डबा! असा प्रवास त्या पाचांनी केला असण्याचा संभव मोठा आहे.

दुसऱ्या महायुद्धाने जुन्या रुपयाचा शेवट केला. १९४० पासून रुपयात चांदी निम्मी उरली. बाकी तांबे, निकेल आणि जस्त. १९४१ ते १९४३ या वर्षांत राणीचे, एडवर्डचे आणि जॉर्जचे जुने रुपये क्रमाने व्यवहारातून बाद केले गेले. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा, पाठीवर वाघ असलेला. ज्यांनी जुने रुपये सरकारात भरले त्यांना नवे मिळाले. ज्यांनी भरले नाहीत त्यांच्याकडे चांदी उरली. १८९३ साली तुटलेले नाते अशा रीतीने उलट बाजूने जुळले. आता छापाला किंमत नाही, धातूला आहे.

आणि तीच किंमत या दिवाळीत घराच्या उंबऱ्याशी येऊन उभी होती. २०२५ च्या दिवाळीत चांदीचा भाव किलोला दीड लाखाच्या पुढे गेला होता. पूर्ण वजनाच्या एका रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. म्हणजे एकाचे सोळाशे आणि एकवीस रुपयांचे, झीज सोडून, तेहतीस-चौतीस हजार. नातीच्या पहिल्या वर्षाच्या फीला तेवढेच कमी पडत होते. भाऊ पूजेनंतर म्हणाले, “आये, डब्यात पडान ऱ्हवले म्हणान त्यांका काय पिल्ला होतली? चेडवाची फी भरूची आसा.”

आजींनी रागावून उत्तर दिले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “भर की. पण तुझ्या आज्याचे किती म्हयने त्या डब्यात आसत, ता आधी मोज.”

यावर कुणाला काही बोलता येईना. कारण हे प्रश्न दोन होते आणि दोन्ही खरे होते. वितळवला की रुपयाची चांदी होते, आणि चांदीला मागचे काही आठवत नाही. हाच घाट चढून कोल्हापुरापुढे गेले की हुपरी लागते. गावभर चांदीचे कारागीर, घराघरांतून पैंजणे घडतात. मुशीत गेलेल्या जुन्या रुपयाचे सुंदर पैंजण होऊ शकते, त्यात वाईट काहीच नाही. वाईट एवढेच, की १९१९ साली तो कुणी कुणाला धाडला होता, हे पैंजण सांगू शकत नाही.

मग रात्री कंदिलासारख्या मंद दिव्याखाली भिंग आणि वजनकाटा घेऊन आम्ही बसलो. मोडीच्या भावापलीकडे कुठला रुपया जातो ते पाहायचे होते. कड्या लावलेल्या चारांना संग्राहक विचारीत नाही. डाग दिल्याने नाणे दुखावलेले असते. आणखी चार इतके झिजलेले की राणीचे नाकही ओळखू येईना. ते आठ धातूच्याच मोलाचे. उरलेल्या तेरांचे चेहरे स्पष्ट होते. त्यांना लाखांची किंमत मुळीच येणार नव्हती. राणीछाप रुपयाला लाखो रुपये देतो असे सांगणारे फोन आणि जाहिराती येतात, त्या फसवणुकीच्या. आपल्या नावाने चालणाऱ्या या लबाडीविषयी रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते. सामान्य सालाच्या चांगल्या रुपयाला चांदीच्या भावापेक्षा थोडे अधिक मिळते, दुर्मीळ सालाला बरेच अधिक. पण ते पारखणारा हवा.

शेवटी आठ विकायचे ठरले, तेरा ठेवायचे. फीची उरलेली रक्कम काजूच्या पैशातून आणि थोडी उसनवारीने. सोपे नव्हते, भाऊंच्या कपाळावरची आठी सकाळपर्यंत गेली नव्हती. आजींनी मात्र तेरांतला एक राणीछाप उचलून नातीच्या हातावर ठेवला. या घरातून बाहेरगावी राबायला जाणारे माणूस पूर्वी सासरे होते, आता नात आहे. सुनेने वहीचे एक पान फाडून त्यावर लिहिले: कुणाचे रुपये, कुठल्या गिरणीतले, साधारण कोणत्या सालातले. तो कागद डब्यात गेला. माझ्या मते त्या रात्रीचे सर्वांत मोलाचे काम तेच झाले.

ज्यांच्या घरी असा डबा आहे त्यांच्यासाठी तिथे शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. रुपया चिंचेने, राखेने, पावडरीने घासू नये. वर्षांनी चढलेली काळसर झाक हीच त्याच्या वयाची साक्ष, आणि घासलेले नाणे पारखी बाजूला सारतो. पूजेत दूध-पाण्याने धुवून मऊ फडक्याने टिपले की पुरे. धनत्रयोदशीला बाजारात राणीच्या आणि राजाच्या छापाची नवी नाणी पुष्कळ विकायला येतात. ती पूजेला चालतील, जुनी म्हणून घेऊ नयेत. खऱ्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास, व्यास सुमारे साडेतीस मिलिमीटर, कडेला एकसारख्या बारीक खाचा आणि अक्षरे रेखीव. ओतीव नकलेवर अक्षरे बुजरी आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात. शिवाय शंभर वर्षांपलीकडचे नाणे कायद्याने पुराणवस्तू ठरते. ते परदेशातल्या मुलाबाळांना भेट म्हणून धाडता येत नाही. आणि घराचा पाया खणताना गाडगे सापडलेच, तर दहा रुपयांवरच्या कुठल्याही निधीची खबर कलेक्टरला द्यावी, असा १८७८ चा कायदा आहे. ते दहा रुपये चांदीचे होते, हे सांगायला नकोच!

यंदा लक्ष्मीपूजनाला चौरंगावर चांदीचा रुपया मांडाल, तेव्हा तो उलटून एकदा साल वाचा. मग घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा की हा आला कुठून? उत्तर मिळाले तर त्याच रात्री लिहून ठेवा. चांदीचा भाव उद्याच्या वर्तमानपत्रात कळेल. ते उत्तर दुसऱ्या कुठल्याही पेढीवर मिळणार नाही.